सखारामला टाळी का पडते?

डिमरवाली:

परवा भाच्याच्या गणिताच्या वहीत शेवटच्या पानावर आम्हा सगळ्यांची नावं सापडली. त्याच्या आईचं, माझं, क्लासच्या सरांचं. सरांच्या नावापुढे 'हार्ट अटॅक' असं सुवाच्य अक्षरात. वहिनीने रडवेल्या आवाजात मला फोन केला. मी म्हटलं, अगं, तो डेथ नोट बघतोय, बाकी काही नाही.

माहीत नसणाऱ्यांसाठी: मूळ जपानी मांगा (म्हणजे कॉमिक्स), 2003 ते 2006 मध्ये आली, 12 खंड. नंतर तिच्यावर 37 भागांची ॲनिमे, म्हणजे कार्टून सिरियल, निघाली. लाइट यागामी नावाच्या अतिहुशार पोराला एक वही सापडते. चेहरा डोळ्यांपुढे आणून तिच्यात नाव लिहिलं की 40 सेकंदांत माणूस खलास. सुरुवातीला तो गुन्हेगारांचीच नावं लिहितो. मग त्याला पकडायला निघालेल्यांची.

भाच्याला विचारलं, "तुला तो आवडतो?"
"आत्या, तो बरोबरच करतो ना. खुनी लोकांनाच मारतो."
"आणि एफबीआयचे 12 जण?"
"ते त्याच्या मागे लागले होते."

दहावीतलं पोर हे इतक्या थंडपणे म्हणालं की मी लेक्चर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मला तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' नाटक आठवलं.

मी सांगलीत हौशी नाटकांना लाइट्स ऑपरेट करते. दिवसा पतपेढी, संध्याकाळी डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं यंत्र. काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपने बाइंडर केलं. त्यात गणपतीचा प्रसंग आहे. सखारामचा मित्र दाऊद आरतीला उभा राहतो, सखारामने घरात आणून ठेवलेली लक्ष्मी त्याला अडवते: मुसलमानाने आपल्या देवाची आरती म्हणायची नाही. सखाराम भडकतो आणि तिला मारतो. पहिल्या प्रयोगाला इथे टाळी पडली. साधीसुधी नाही, कडकडून. मागून एक शिट्टीही आली. मी स्लायडरवर बोट ठेवून बसले होते आणि खोटं कशाला सांगू, मलाही आत कुठेतरी बरं वाटलं. दोनेक क्षणांनी डोक्यात प्रकाश पडला की नवऱ्याने टाकलेली, जायला दुसरी जागा नसलेली बाई मार खातेय आणि अख्खं थिएटर खूश आहे, कारण मुद्दा त्याचा बरोबर आहे.

तर प्रश्न असा. तुमचं असं कुणाबद्दल झालंय? नाटक, सिरियल, पुस्तक, गेम, काहीही चालेल. आणि नेमक्या कुठल्या जागी तुम्ही त्याची बाजू सोडलीत? सोडलीत का? स्पॉयलर बिनधास्त लिहा, 1972 च्या नाटकाला कसला आलाय स्पॉयलर.

पावशेर:

वाचतोय. सरांचं काय झालं ते आधी सांगा. 40 सेकंद कधीच होऊन गेली असतील.

डिमरवाली:

ठणठणीत आहेत. काल चाचणी घेतली त्यांनी. भाच्याला 20 पैकी 9.

वगैरेवगैरे:

धागा चांगला आहे, पण घोळ शब्दापासूनच सुरू होतो. असल्या नायकाला, म्हणजे अँटी-हीरोला, आपल्याकडे सरसकट 'प्रतिनायक' म्हणतात. संस्कृत नाट्यशास्त्रातला प्रतिनायक म्हणजे नायकाच्या विरोधात उभा ठाकलेला, धीरोद्धत वगैरे. रामापुढे रावण. अँटी-हीरो कुणाच्या समोर उभा नसतो, तो नायकाच्याच खुर्चीत बसलेला असतो आणि त्या खुर्चीला शोभत नाही. दोस्तोव्हस्कीच्या 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड'मध्ये (1864) शेवटी निवेदक स्वतःच म्हणतो, की इथे अँटी-हीरोला लागणारे सगळे गुण मुद्दाम गोळा केलेत. आणि तो बाबा खून पाडत नाही, नुसता कुढतो.

आपल्याकडे नेमाड्यांची कादंबरी 'कोसला', 1963. पांडुरंग सांगवीकर काय करतो? पुण्याला येतो, बापाचे पैसे उडवतो, मेसचे घोळ घालतो, शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो. ना खून, ना दरोडा. नायकाने जे जे करायचं असतं ते ते न करणं, एवढाच त्याचा गुन्हा. मी त्याची बाजू कधीच सोडली नाही, उदाहरणार्थ आजही सोडलेली नाही. त्याची धाकटी बहीण मनी गेल्यानंतरची पानं वाचल्यावर ती सोडवतही नाही.

तेव्हा लाइट, सखाराम आणि पांडुरंग एका पंगतीत बसवू नका एवढंच.

लखोबाचा शेजारी:

मी निपाणीचा. बाहेर कुठे गाव सांगितलं की जुनी माणसं अजूनही गालात हसून विचारतात, तंबाखूचा व्यापार का? आचार्य अत्र्यांची कृपा. त्यांचं 'तो मी नव्हेच' आलं 1962 मध्ये, त्यातला बायकांना फसवणारा लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. फिरता रंगमंच, कोर्टाचा देखावा, आणि प्रभाकर पणशीकर पाच वेगवेगळ्या सोंगांत.

आमच्या वडिलांनी ते तीनदा पाहिलं होतं. घरी जेवताना लखोबाची नक्कल करायचे आणि आम्ही हसून लोळायचो. मोठेपणी मी स्वतः पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की ज्या वाक्यांवर आम्ही हसायचो ती तो फसवलेल्या बायकांच्या तोंडावर बोलतो. त्या बायका कोर्टात उभ्या राहून संसार कसा उद्ध्वस्त झाला ते सांगताहेत आणि प्रेक्षक याचा पुढचा नकार कधी येतो म्हणून टपलेत. वडिलांच्या नकलेत त्या बायका कधी नव्हत्याच.

वगैरेवगैरे म्हणतील हा अँटी-हीरो नाही, चक्क भामटा. मान्य. लखोबा आपल्याला एकही कारण देत नाही, गरिबी नाही, अन्याय नाही. आपण नुसत्या कसबावर फिदा होतो. मला तर हे सखारामपेक्षा अवघड वाटतं. सखारामकडे निदान मुद्दा तरी होता.

डिमरवाली:

लखोबाचे शेजारी, "वडिलांच्या नकलेत त्या बायका कधी नव्हत्याच" हे वाचून उठून पाणी प्यायले. कारण मी जे सांगायचं टाळत होते ते हेच आहे.

पहिल्या प्रयोगात त्या प्रसंगाचं लाइट असं होतं: सखारामवर आणि दाऊदवर फुल, देव्हाऱ्यावर पिवळा, आणि लक्ष्मी पडते तो कोपरा जवळजवळ अंधारात. डिझाइन माझं नव्हतं, दिग्दर्शकाचं होतं आणि दिसायला झकास होतं. दुसऱ्या प्रयोगाला मी कुणाला न विचारता कोपऱ्यातला फ्लड, म्हणजे पसरट उजेडाचा दिवा, 40 टक्क्यांवर ठेवला. म्हणजे काही फार नाही, तिचा चेहरा आणि जमिनीवर टेकलेला तळवा दिसेल इतपतच. टाळी सुरू झाली. तिसऱ्या-चौथ्या रांगेपर्यंत आली आणि तुटली. कुणी खोकलं. त्या शांततेत सखारामच्या नटाचं पुढचं वाक्य चुकलं, कारण टाळी संपेपर्यंत थांबायची त्याला सवय झाली होती.

आत गेल्यावर मी सपाटून बोलणी खाल्ली. "एवढा जमलेला प्रसंग पाडलास." तिसऱ्या प्रयोगाला कोपरा परत काळोखात. मीही ऐकलं, कारण मी ऑपरेटर.

तेव्हापासून खोड लागली आहे, कुठलाही असला नायक दिसला की अंधारात कोण बसलंय ते शोधायची. 'ब्रेकिंग बॅड' मी नवऱ्याबरोबर पाहिली. केमिस्ट्री शिकवणारा वॉल्टर व्हाइट, कॅन्सर, ड्रग्ज बनवणं, सगळं घरच्यांसाठी म्हणे. त्याची बायको स्कायलर पडद्यावर आली की आमचे हे रिमोट शोधायचे. "आली कटकट." अहो, त्या बाईच्या घरात तो काय आणून ठेवतोय! स्कायलर करणाऱ्या ॲना गनने 2013 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखच लिहिला, की लोक या पात्राचा आणि त्यापायी माझाही एवढा द्वेष का करतात. पहिल्याच सीझनमध्ये जुने मित्र उपचाराचा खर्च द्यायला तयार असतात आणि हा अहंकारापायी नाही म्हणतो. तिथेच घरच्यांसाठी वगैरे संपलं होतं. पण मी स्वतः त्याला सोडला तो दुसऱ्या सीझनमध्ये, त्याच्या साथीदाराच्या मैत्रिणीला, जेनला, झोपेत ओकारी होते, ती गुदमरते आणि हा शेजारी उभा राहून बघतो तेव्हा. नवऱ्याने शेवटपर्यंत सोडला नाही. शेवटच्या भागात वॉल्टर स्वतः स्कायलरपुढे कबूल करतो की हे मी माझ्यासाठीच केलं, तरी हे म्हणाले, "बघ, खरं बोलला की नाही." काय करणार.

चौकोनी बटण:

गेमवाल्यांची बाजू मांडतो. 'द लास्ट ऑफ अस', 2013. जोएल एका मुलीला, एलीला, अख्खी अमेरिका ओलांडून हॉस्पिटलात पोचवतो. तिच्या मेंदूतून साथीवर लस निघू शकेल, पण त्यात ती जगणार नाही. जोएल हॉस्पिटलात गोळ्या घालत सुटतो. शेवटी ऑपरेशनच्या खोलीत एक डॉक्टर हातात स्कॅल्पेल धरून आडवा उभा. आता ऐका: मी ट्रिगर दाबला नाही. पाच मिनिटं त्या खोलीत गोल गोल फिरलो. दुसरा रस्ता असेल म्हणून भिंती धुंडाळल्या. नाही. त्याला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. तुमच्या थिएटरात टाळी न वाजवता बसता येतं हो, इथे बोट माझंच होतं.

आणि तुमचा फ्लडवाला मुद्दा: 2020 मध्ये दुसरा भाग आला. त्यात त्या डॉक्टरची मुलगी ॲबी सुरुवातीलाच जोएलला मारते आणि पुढे निम्मा गेम तिच्याच अंगात शिरून खेळायला लागतो. लोक पिसाळले. ॲबीला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीला जिवे मारायच्या धमक्या आल्या. मीही दोन दिवस गेम बंद करून ठेवला होता, कबूल करतो.

मुंगळा:

ताई, सगळं पटलं, पण लक्ष्मीवर इतका माया-उजेड नका टाकू. मुंगळ्याशी गप्पा मारणारी गरीब गाय म्हणून आपण तिला बघतो (माझा आयडी तिथलाच). पण सखारामने लक्ष्मीनंतर घरात आणलेली चंपा, तिचं आणि दाऊदचं लफडं सखारामच्या कानावर कोण घालतं? लक्ष्मी. त्यापायीच सखाराम चंपाचा जीव घेतो. आणि मढं पुरायला पुढाकारही तिचाच. मग तुमच्या त्या शेवटच्या प्रसंगात फ्लड किती होता?

डिमरवाली:

मुंगळा, बरोबर पकडलंत. शेवटी स्टेजवर एकच थंड निळा होता, सगळ्यांवर सारखा. ते डिझाइन दिग्दर्शकाचंच आणि तिथे त्याला मी पूर्ण मार्क देते. कुणीच टाळी वाजवली नाही. पडदा पडल्यावरसुद्धा लोकांना उठावं की बसावं कळेना. लक्ष्मीला मी 40 वर आणलं म्हणजे ती सज्जन ठरली असं नाही, ती दिसली फक्त. तेंडुलकरांनी तिला पुढे काय करायला लावलंय ते मला पहिल्या वाचनापासून पचलेलं नाही, अजूनही नाही.

चौकोनी बटण, भिंती धुंडाळल्यात हे फार आवडलं.

भाच्याचं सांगून थांबते, उद्या ऑडिट आहे. रविवारी त्याच्याबरोबर डेथ नोट बघायला बसले. नाओमी मिसोराचा भाग लागला. 12 जणांपैकी एकाची होणारी बायको, स्वतः आधी एफबीआयमध्ये होती, लाइटच्या अगदी जवळ येऊन पोचलेली. ती आधी खोटं नाव सांगते. हा लिहितो, काही होत नाही, आणि भाच्याने माझ्या शेजारी श्वास रोखलेला. पोरगा सापडणार या भीतीने, तिच्या काळजीने नव्हे! मग हा गोड गोड बोलून तिचं ओळखपत्र बघतो, खरं नाव लिहितो, आणि मीच तो म्हणून सांगतो. ती वळते आणि बर्फात चालत निघून जाते. भाचा चिप्स खायचा थांबला.

"पुढे दाखवतात का तिला?"
"नाही."
"म्हणजे सापडतच नाही?"
"सापडणार नाही असंच लिहिलंय त्याने."

त्याने मागे नेऊन ती चालत जाते तेवढं परत एकदा लावलं. मी काही बोलले नाही. काल वहिनीने वही तपासली. ते पान तसंच आहे. आईचं आणि माझं नाव खोडलंय. सरांचं नाही.