खारपाणपट्ट्यावरचा पेपर मोठं जर्नल छापत नाई, मंग त्यावर संशोधन करायचं कोनं?

कास्तकार_दर्यापूर
राजेहो, पुतण्या एका कृषी महाविद्यालयात एमएस्सी करून राहिला, विषय कृषिविद्या. त्याले थेसिससाठी आपल्या खारपाणपट्ट्यातच प्रयोग घ्यायचा होता, जिप्सम टाकून हरभरा कसा येते अन् शेततळ्यात धरलेल्या पावसाच्या पाण्याची एक पाळी देली तर काय फरक पडते, असा. गाईड म्हणे विषय चांगला हाय पण लोकल हाय, मोठे जर्नलवाले "स्थानिक महत्त्वाचा" म्हणून न वाचताच वापस धाडतात, त्यापेक्षा ड्रोन घे, नॅनो घे, नाईतर मशीन लर्निंग घे. पोट्ट्यानं नॅनो युरिया (बाटलीतलं फवारायचं खत) घेतला. मी त्याले दोष देत नाई, त्याले नोकरी लागायची हाय अन् भरतीत नास स्कोअर मोजतात.

ज्याईले माहीत नसंन त्याईच्यासाठी: राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी म्हणजे नास, ते जर्नलची यादी काढते अन् प्रत्येकाले गुण देते. ज्या जर्नलले इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखाईचा दुसरे किती संदर्भ घेतात त्याचा आकडा) हाय त्याले ६ अधिक तो फॅक्टर, वर २० ची मर्यादा. ज्याले फॅक्टर नाई त्याले लय झालं तर ६. म्हणजे विदर्भातल्या चोपण जमिनीवर इमानदारीनं काम करून छोट्या जर्नलमधे छापणारा मांगं अन् दुसऱ्याच्या सॅटेलाइटचा डाटा घेऊन घरी बसून मॉडेल चालवणारा पुढं.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यात हा पट्टा पसरला हाय. विहीर खोदली तर पाणी खारं, ते वावराले देलं तर जमीन अजून चोपण होते, पाऊस पडला तर पाणी मुरत नाई अन् उघाड पडली तर ढेकूळ फुटत नाई. याचं उत्तर कोन्या परदेशी जर्नलात भेटनार? माझं म्हणणं साधं हाय, शास्त्रज्ञाच्या बढतीचे अर्धे गुण शेतकऱ्याच्या वावरातल्या कामाले द्या. जर्नलचं कौतुक बस झालं.

पीएचडी_अकोलावाली
काका, तुमचा राग समजतो पण तुम्ही चुकीच्या माणसाला धरताय. जर्नल काढून टाकलं तर उरतं काय? कंपनीचं पॅम्फलेट आणि युट्यूब. नॅनो युरियाचंच बघा ना, हिशोब कोणीही करू शकतो: सुरुवातीच्या ५०० मिलीच्या बाटलीत ४ टक्के नत्र म्हणजे २० ग्रॅम, आणि ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात ४६ टक्क्यांनी जवळपास २०.७ किलो. हजारपट फरक. बाटली पोत्याची जागा घेईल असा प्रचार गावोगाव चालू होता तेव्हा कोपनहेगन विद्यापीठाच्या दोघा शास्त्रज्ञांनी २०२३ मधे 'प्लँट अँड सॉइल' या जर्नलमधे सरळ लिहिलं की या दाव्यामागे विज्ञान दिसत नाही. हे कोणत्या शेतकरी मेळाव्यात कोणी बोललं असतं का? स्टेजवर बॅनर कोणाचा असतो ते तुम्हालाही माहीत आहे.

आणि "लोकल आहे म्हणून छापत नाहीत" हे अर्धं खरं आहे. आपली काळी चोपण माती काही जगात एकटी नाही, ऑस्ट्रेलियातही अशी सोडियमवाली काळी जमीन मोठ्या प्रमाणावर आहे. प्रश्न नीट मांडला, की या चिकणमातीत जिप्समनं पाणी मुरण्याचा वेग किती बदलतो, तर तिकडचा माणूसही वाचेल. पण आपण मांडतो काय, तर "अमुक तालुक्यात तमुक वाणावर जिप्समच्या चार मात्रांचा परिणाम", एक हंगाम, तीन रेप्लिकेशन (पुनरावृत्त्या), सीडी (फरक खरा की योगायोग ते ठरवणारा आकडा) काढला, संपलं. ते वापस येणारच.

कृषीकेंद्र_कळंब
माझ्या दुकानात येणारा एकही गिऱ्हाईक पेपर विचारत नाई, शेजाऱ्यानं काय लावलं अन् त्याले किती झालं ते विचारते. २०१९ मधे अकोट तालुक्यात अकोली जहागीरले लोकाईनं उघडपणे एचटीबीटी (तणनाशक सहन करणारं बीटी कापसाचं बियाणं) लावलं, सरकारची मंजुरी नसताना. कोन्तं जर्नल वाचून लावलं होतं? निंदणाची मजुरी परवडत नव्हती म्हणून लावलं.

पीएचडी_अकोलावाली
@कृषीकेंद्र_कळंब दादा, शेजाऱ्याचं बघून सगळ्यांनी लांब मुदतीची हायब्रीड पऱ्हाटी लावली आणि फरदड ठेवली (हंगाम संपल्यावरही तेच पीक उभं ठेवलं), त्यातूनच गुलाबी बोंडअळी वाढली हेही लिहा की.

कृषीकेंद्र_कळंब
फरदड काऊन ठेवते तेही विचारा एखाद वेळ. जानेवारीत हातात दुसरं पीक कोन्तं हाय कोरडवाहूवाल्याच्या?

सहा_प्राध्यापक
दोघांचंही ऐकलं. मी शिकवतो, त्यामुळे या गुणांच्या चक्कीत रोज असतो, जरा आतलं सांगतो.

इम्पॅक्ट फॅक्टर कसा निघतो हे बघितलं की कृषिविद्या त्यात मागं का पडते ते कळतं. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी किती संदर्भ मिळाले, भागिले त्या लेखांची संख्या. फक्त दोन वर्षांची खिडकी. आता शेतातला प्रयोग किमान दोन-तीन हंगाम चालतो, पाऊस दगा देतो तो हंगाम वेगळा, मग विश्लेषण, मग रिव्ह्यू, आणि तो वाचून दुसरा कोणी आपला प्रयोग लावेल त्याचा पेपर येईपर्यंत ती खिडकी कधीच बंद झालेली असते. रेण्वीय जीवशास्त्रात हेच चक्र महिन्यांत फिरतं. त्यामुळे 'फील्ड क्रॉप्स रिसर्च'सारखं आमच्या क्षेत्रातलं अव्वल जर्नलसुद्धा पाच-सहाच्या आसपास असतं आणि जनुकांवरची जर्नलं त्याच्या कितीतरी वर. मग पोरं जनुक संपादन आणि मायक्रोबायोमकडे पळतात. पळू द्या, त्यातूनही कामाचं निघतंच, मे २०२५ मधे देशाने जनुक संपादनातून काढलेली भाताची दोन वाणं जाहीर केलीच की. पण पेरणीचं अंतर, निंदण, ओलावा, आंतरपीक हे करायला मग कोणी उरत नाही.

दुसरं म्हणजे पैसा. ओपन ॲक्सेसवाल्या (लेख सगळ्यांना फुकट वाचू देणाऱ्या) मोठ्या प्रकाशकांकडे एक लेख छापायला दोन हजार स्विस फ्रँकच्या वर मागतात, म्हणजे दोन लाखांच्या वर रुपये. आमच्या प्रकल्पाचं वर्षाचं मजुरीचं बजेट त्याहून कमी असतं. तिथे जमत नाही म्हणून पोरं पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या दुकानांकडे जातात. २०१५ मधे शेन आणि ब्यॉर्क यांनी अशा भुरट्या जर्नलांचा अभ्यास केला, त्यात जवळपास ३५ टक्के लेखक भारतातले निघाले. त्यावर उपाय म्हणून आणलेली विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची यूजीसी केअर यादी २०२५ मधे बंदही करून टाकली. संस्थांना जर्नलं वाचायला देणाऱ्या सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला ६००० कोटी दिले, चांगलं केलं, पण त्यानं आम्हाला वाचायला मिळतं, छापायचा खर्च तसाच राहतो. आणि कास्तकाराला तर वाचायलाही मिळत नाही, ते संस्थांसाठी आहे.

एवढं सगळं असूनही कास्तकारभाऊ, तुमचा अर्ध्या गुणांचा उपाय मला मान्य नाही. वावरातल्या कामाचे गुण देणार कोण? मेळाव्याचे फोटो मोजून? ते आत्ताच चालू आहे, हार घातलेले फोटो फाईलला लावून.

धानवाली_नागभीड
मी धानपट्ट्यातली जी, पऱ्हाटीतलं मले समजत नाही. पण आमच्या तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडेंचं नाव अजून कोणी काढलं नाही याचं नवल वाटलं. नांदेड गाव, दीड एकराच्या आसपासची शेती. १९८३ मधे पटेल-३ या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या बाजूले काढल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले अन् त्यातून एचएमटी तांदूळ आला, नाव तेव्हाच्या घड्याळावरून पडलं. पेपर नाही, डिग्री नाही, रेप्लिकेशन तर नाहीच. नंतर अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं (पीकेव्ही) ते शुद्ध करून पीकेव्ही-एचएमटी म्हणून आणलं, श्रेय आपल्याले देलं नाही हे दुःख दादाजींनी शेवटपर्यंत बोलून दाखवलं. राष्ट्रपती कलामांच्या हातून पुरस्कार भेटला, २०१८ मधे गेले तेव्हा उपचाराच्या पैशाचीही पंचाईत होती. आता सांगा, जगातल्या कोणत्या इम्पॅक्ट फॅक्टरमधे दादाजी बसतात? अन् बाजारात जाऊन बघा लोक काय मागतात ते.

पीएचडी_अकोलावाली
ताई, दादाजींबद्दल आदरच आहे, आणि श्रेयाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यांनी केलं ते निवड पद्धतीचं पैदास कामच होतं, विद्यापीठात तेच करतात, त्यांनी ते नजरेवर आणि चिकाटीवर केलं. एक दादाजी दिसतात, पण स्वतःच्या निवडीवर भरवसा ठेवून फसलेले कितीतरी असतील, त्यांचं कुठे नोंदलं गेलं?

तुमच्याच भागातलं दुसरं उदाहरण घ्या, धान लावायची श्री पद्धत. कोवळे परे, एकेक काडी, २५ बाय २५ सेंटिमीटर, बांधीत पाणी साठवायचं नाही. मादागास्करमधून आलेले उत्पन्नाचे आकडे ऐकून सगळे वेडे झाले होते. २००४ मधे सिंक्लेअर आणि कॅसमन यांनी 'फील्ड क्रॉप्स रिसर्च'मधे या दाव्यांना चक्क शेतीतल्या उडत्या तबकड्या म्हटलं, आणि २००६ मधे तिथेच दुसऱ्या गटाने ठिकठिकाणचे प्रयोग एकत्र करून दाखवलं की मादागास्कर सोडलं तर चांगल्या नेहमीच्या व्यवस्थापनापेक्षा श्री पद्धत काही पुढे जात नाही. ही भांडणं जर्नलमधेच होऊ शकतात, आकडे टेबलावर ठेवून.

धानवाली_नागभीड
भांडण झालं जी, पण आमच्याकडे श्री पद्धत का सुटली ते त्या पेपरात नाही. रोवणीले बाया भेटत नाहीत, एकेक काडी लावायले वेळ दुप्पट, अन् ऐन वेळी नहराचं पाणी सोडणं-बंद करणं आपल्या हातात नाही. उत्पन्न वाढते का नाही तिथपर्यंत गोष्ट गेलीच नाही. हे विचारायले कोणीतरी बांधीत उतरलं पाहिजे होतं.

कापूस_हिंगणघाट
पेपरवर भरोसा ठेवा म्हणता ना ताई, मंग बीटीचं (अळी मारणाऱ्या जनुकाच्या कपाशीचं) सांगा. २०१२ मधे कथागे अन् कैम यांचा पेपर आला पीएनएएस या अमेरिकन जर्नलमधे, बीटीनं एकरी उत्पन्न २४ टक्के वाढलं अन् नफा ५० टक्के. २०२० मधे नेचर प्लँट्समधे क्रांती अन् स्टोन, क्रांती म्हणजे आपल्या नागपूरच्या कापूस संस्थेचे माजी संचालक, ते म्हणतात वाढीचं श्रेय बीटीले नाई, खतं अन् बाकीच्या गोष्टीईले हाय, अन् आता फवारणीचा खर्च पहिल्यापेक्षा जास्त. दोन्ही जर्नल वरच्या पट्टीतले. आता मी कोन्ता पेपर धरू? बियाणं तर दुकानात बीटी सोडून दुसरं भेटतच नाई.

पीएचडी_अकोलावाली
दोन्ही धरा दादा, मी खरंच म्हणतेय. पहिल्याचा सर्वे २००२ ते २००८ चा, तेव्हा अळी मरत होती. दुसरा वीस वर्षांचा राज्यवार आकडा बघतो. पहिला वाचून "बीटी कायम चालणार" म्हणणारा आणि दुसरा वाचून "बीटी पहिल्या दिवसापासून फालतू" म्हणणारा, दोघेही पेपर न वाचताच बोलतात. गुलाबी अळी बोलगार्ड २ लाही (दोन जनुकांच्या बीटीलाही) दाद देत नाही हे संशोधक २०१५ पासून गुजरातमधून सांगत होते, २०१७ ला आपल्याकडे वावरं गेली. माहिती होती, ती कृषी सहायकापर्यंत आली नाही.

कास्तकार_दर्यापूर
@पीएचडी_अकोलावाली हेच तर मी म्हणून राहिलो ना बाई! माहिती होती अन् आली नाई. कारण आणणाराले गुण नाई. इंग्रजीत पेपर छापला की शास्त्रज्ञाचं काम झालं, तेच मराठीत दोन पानं लिहून गावात वाचून दाखवायचे शून्य मार्क. अन् तुम्ही ऑस्ट्रेलियाचं म्हणता तर तिथल्या माणसाले पटावं म्हणून मी माझ्या जमिनीचा प्रश्न काऊन वाकवू?

@सहा_प्राध्यापक सर, गुण कोन देईल विचारता तर उत्तर तुमच्याच अभ्यासक्रमात हाय. पानसे अन् सुखात्मे, दोघंही आपले मराठी मानसं, १९५४ पासून त्याईचं सांख्यिकीचं पुस्तक अख्ख्या देशातल्या थेसिसमधे शेवटच्या पानावर असते. यादृच्छिक प्लॉट निवडून पीक कापणी प्रयोग करायची रीत देशभर बसवण्यात त्याईचा मोठा वाटा हाय. तीच लावा. शिफारस जॉइंट ॲग्रेस्कोत (कृषी विद्यापीठाईच्या शिफारशी मंजूर करणाऱ्या बैठकीत) पास झाली की दोन-तीन वर्षांनी चिठ्ठ्या टाकून गावं काढा, त्यात कितीजण ती शिफारस वापरतात अन् वापरणाऱ्याले किती झालं ते मोजा. फोटो नकोत.

सहा_प्राध्यापक
कल्पना वाईट नाही, पण शिफारस वापरली म्हणून उत्पन्न वाढलं की ज्याची जमीनच भारी त्यानं ती वापरली, हे वेगळं कसं करणार? त्यासाठी शेजारी न वापरलेला पट्टा ठेवावा लागेल, आणि तो ठेवला की झाला तुमचा प्रयोग, लिहा पेपर. फिरून आपण तिथेच. अकोल्याला ज्वारी-गव्हावर १९८८ च्या सुमारास सुरू झालेला दीर्घकालीन खत प्रयोग अजून चालू आहे. शेणखत आणि रासायनिक खत जोडीनं दिलं तर जमिनीतलं सेंद्रिय कर्ब कसं टिकतं हे आपण आज ठामपणे सांगतो ते त्याच्या जोरावर. त्यातून पेपरही निघाले आणि शिफारशीही. माझ्या मते मागणी करायची तर अशा लांब प्रयोगांच्या पैशाची करा, खारपाणपट्ट्यात असा एक कायमचा प्लॉट मागा.

कृषीकेंद्र_कळंब
पीक कापणी प्रयोग म्हणता? पीकविम्याच्या टायमाले तो प्लॉट कोनाच्या वावरात पडते अन् कापणीले कोन कोन उभं राहते ते सारं गाव पाहते. तिथं आकडे कसे लिहितात ते पाहून आलेला मानूस शास्त्रज्ञाची बढती त्याच्यावर ठरवा म्हणत नाई.

कास्तकार_दर्यापूर
विम्याच्या कापणीत पैशाचा मामला हाय म्हणून गडबड होते, अन् बढतीत पैशाचा नाई का? मान्य. पण मंग जर्नलच्या गुणातही तोच मामला हाय, फक्त ते भांडण आमच्या वावरात होत नाई म्हणून आम्हाले दिसत नाई. कायमचा प्लॉट मागायचं बाकी पटलं सर. आमच्या गावची इ-क्लासची (सरकारी गायरानाची) चोपण पडीक जमीन हाय, ग्रामसभेत ठराव घेऊ म्हणतो, तुम्ही फक्त अर्ज कोनाच्या नावानं करायचा तेवढं सांगा.