मागच्या भिंतीची रुई आणि उद्याची फवारणी

४०२ : सचिव साहेब, उद्या फवारणीवाला येऊन राहिला ना? मागच्या भिंतीलगतची रुई तेवढी सोडायला सांगा. तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या आहेत, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या.

१०३ : काकू, अळ्या झाल्या म्हणूनच तर बोलावला त्याला. उद्या माझ्या गुलाबावर चढतील.

४०२ : नाही चढत भाऊ. रुई आणि तिच्या कुळातली झाडं, एवढंच त्यांचं खाणं. खाज सुटते त्या केसाळ अळ्या वेगळ्या. ह्या रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षीसुद्धा यांच्या वाटेला जात नाहीत.

२०१ : काकू, माझी बहीण अमेरिकेत मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीडची झाडं लावते. तिच्या फोटोतली अळी अगदी अशीच आहे!

४०२ : जवळची नातलगच गं ती. मोनार्कच्या अळीला मऊ शिंगांच्या दोन जोड्या, आपल्या अळीला तीन. मिल्कवीडही रुईच्याच कुळातलं.

२०१ : आमच्या पोट्ट्याला एक घरी वाढवायची आहे. जमेल?

४०२ : का नाही जमणार! एकच अळी घे. उंच बरणी, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा. रोज ताजं पान द्यायचं अन् विष्ठा काढायची, नाहीतर बुरशी धरते. पान मात्र तूच तोड आणि लगेच साबणाने हात धू. चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, लेकराला हातही लावू देऊ नको. दोनेक आठवडे खाईल, मग वर चढून उलटी लटकेल. कोष हलवायचा नाही. आत नारिंगी पंख दिसायला लागले की फुलपाखरू निघायला आलं समज. पंख पसरून सुकायला जागा लागते, म्हणून बरणी उंच. आणि कधी फुलपाखराऐवजी माश्या निघाल्या तर मुलाला खरं काय ते सांग. काही माश्या अळीवरच अंडी घालतात, त्यांची पिल्लं तिला आतून खातात.

सचिव : ते ठीक आहे काकू, पण डेंग्यूचं काय?

४०२ : डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात वाढतो साहेब, रुईच्या पानावर नाही. गच्चीवर कुलर उन्हाळ्यापासून तसेच पडले आहेत, टाक्यांत पावसाचं पाणी. ते आधी उपसायला लावा.

सचिव : बरं. कुलरवाल्यांनी आज संध्याकाळपर्यंत टाक्या रिकाम्या कराव्यात. रुई सोडायला सांगतो, काही खूण करून ठेवा.

४०२ : लाल फीत बांधते आत्ताच.

३०५ : काकू, मी शनिवारी मारुतीला तिथूनच रुईची पानं नेतो. चालेल ना?

४०२ : न्या की. फक्त तोडण्याआधी पान उलटून पाहा. पांढुरकं, टाचणीच्या डोक्याएवढं अंडं दिसलं तर शेजारचं घ्या.