मदत हवी आहे: ऑर्लँडोत सर्कसची संध्याकाळ कधी ठेवावी, जागा कुठल्या घ्याव्यात?

जूनमध्ये डिस्ने वर्ल्ड. सोबत आई-बाबा आणि सहा वर्षांची मुलगी. डिस्ने स्प्रिंग्जमधला (डिस्नेचाच दुकानं-रेस्टॉरंट्सचा भाग) सर्क दू सोले या सर्कस कंपनीचा ‘ड्रॉन टू लाइफ’ बघायचाय; त्यात कसरतींसोबत डिस्नेचं ॲनिमेशनही असतं. खेळ ९० मिनिटांचा, मध्यंतर नाही, म्हणजे मुलीला आधीच बाथरूमला नेऊन आणायचं. वेळा सहसा संध्याकाळी ५:३० आणि ८.

तिथले ५:३० म्हणजे आपले पहाटेचे ३, त्यामुळे पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस नकोतच (एवढं महाग तिकीट काढून झोपायचं कशाला!). मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कच्या दिवशीही कठीण: पार्कातून मोनोरेल किंवा फेरीबोटीने पार्किंगला यायचं, मग गाडीने स्प्रिंग्ज. ८ चा खेळ घेतला तर पार्कातली रात्रीची आतषबाजीही हुकते.

खरा घोळ जागांचा आहे. झुल्यावरच्या कसरतींना अगदी पुढून मान वर करून बघावं लागतं आणि बाबांना स्पॉन्डिलायटिस. फार कडेला बसलं तर मागचं ॲनिमेशन तिरकं दिसणार. मधल्या भागातल्या वरच्या रांगा बऱ्या वाटतात, पण तिथे पायऱ्या किती चढाव्या लागतात? आईचे गुडघे दुखतात. लिफ्टने कुठल्या रांगेपर्यंत जाता येतं?

आणि ५:३० चा खेळ सुटल्यावर जवळपास बिनअंड्याचं शाकाहारी जेवण नक्की कुठे मिळेल?