द्राक्षाच्या काड्यांच्या कोळशाने बोअरच्या पाण्यातले जड धातू निघतात का?

निफाडचा बागवाला:
खरड छाटणी झाली की काड्यांचा नुसता ढीग पडतो, निम्मे लोक बांधावरच पेटवून देतात. पुतण्या म्हणतो काका ह्याचा ॲक्टिव्हेटेड कार्बन होतो अन् तो पाण्यातलं शिसं क्रोमियम ओढून घेतो. आमच्या बोअरचं पाणी पिवळट येतं, टीडीएस मीटर ७०० च्या वर जातो. ड्रममध्ये कोळसा करून टाकीत सोडला तर चालेल का? की नुसती उठाठेव?

लॅबवाली:
काका, मीटर आधी बाजूला ठेवा, तो क्षार दाखवतो. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३, हे त्याला कळणारच नाही. पिवळट बहुतेक लोखंडामुळे असेल पण क्रोमेट म्हणजे क्रोमियमचं एक रूप, तेही पिवळंच असतं, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका, टेस्ट करा.
पुतण्याचं चूक नाही. कमी हवेत ४००-६०० डिग्रीला भाजलं की कोळसा होतो, फॉस्फोरिक ॲसिड किंवा कॉस्टिक पोटॅशने ॲक्टिव्हेट केला की बारीक छिद्रं पडतात, चांगल्या मालात एका ग्रॅमला हजार चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग मिळतो. पण धातूला नुसती छिद्रं पुरत नाहीत, पृष्ठभागावर ऑक्सिजनवाले गट लागतात, शिसं तांबं त्यांनाच धरतं आणि जास्त तापवलं की हेच गट उडून जातात. म्हणून आयोडीन नंबर (बारीक छिद्रं किती ते सांगणारा आकडा) बघून घेतलेला महागडा कार्बन धातूंसाठी चांगला असेलच असं नाही. शिवाय तुमच्या जड पाण्यातलं कॅल्शियम तीच जागा अडवून बसणार.

अंबड ईटीपी:
मी ईटीपीवर असतो, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर. क्रोमियमची भानगड वेगळीच. हेक्साव्हॅलंट, म्हणजे सहा संयुजेचं क्रोमियम, पाण्यात ऋण भाराचं असतं, ते पीएच २-३ ला चिकटतं आणि निकेल शिसं ५-६ ला, म्हणजे एकाच टाकीत दोन्ही जमत नाही. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) पाण्यात आम्ही ॲसिडमध्ये मेटाबायसल्फाईट टाकून हेक्साचं ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेचं) करतो, मग चुन्याने पीएच ८-९ ला नेऊन गाळ पाडतो, कोळसा वापरलाच तर शेवटी, उरल्यासुरल्यासाठी. आणि पीएच ८ ला ९९ टक्के निकेल काढलं असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, त्यातलं किती कोळशाने धरलं आणि किती हायड्रॉक्साईड होऊन आपोआप खाली बसलं हे आधी विचारा.

पिंपळगावकर:
एक राहिलंच की भाऊ. काड्यांवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारलेलं असतं, मोरचूद म्हणजे तांबंच. जाळून वजन कमी होतं पण तांबं तिथंच राहतं. सौम्य ॲसिडने धुतल्याशिवाय वापरला तर उलट पाण्यातच उतरायचं. त्यापेक्षा उसाचं चिपाड बरं.

निफाडचा बागवाला:
हे डोक्यातच नव्हतं. बरं, वापरून झालेला कोळसा बागेत टाकला तर?

अंबड ईटीपी:
अजिबात नको! धातू धरलेला कोळसा म्हणजे घातक कचरा. ॲसिडने धुऊन परत वापरता येतो, पण मग धातू त्या ॲसिडमध्ये येतात, ते कुठं ओतणार? कारखान्यात सोय असते, मळ्यात नसते. न वापरलेला मात्र शेणखतात मिसळून टाका की, पण तांब्याचं बघून.

निफाडचा बागवाला:
ठीक, आधी टेस्ट. बाटली आपली न्यायची का?

लॅबवाली:
नाही, लॅबकडूनच मागा. धातूंच्या नमुन्यासाठी नायट्रिक ॲसिड घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून रिपोर्ट कमी येतो. हेक्साव्हॅलंट हवं असेल तर बाटली वेगळी, त्यात हे ॲसिड चालत नाही, आधीच सांगून ठेवा. आणि मोटर थोडा वेळ चालवून मगच भरा.