हायड्राचं नवं डोकं येतं कुठून?

हायड्रा हा गोड्या पाण्यातला इवलासा, नळीसारखा जीव. तो कापला की पेशी भराभर विभागून नवं डोकं बनवतात, असं एकाने लिहिलंय. मला ते पटत नाही. पेशीविभाजन रोखलं तरी त्याला डोकं येतं. उरलेल्या पेशीच नव्याने मांडल्या जातात. मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी बनतात त्या, तर त्याच्या धडात एरवीही सतत विभागत असतात; ते काही कापल्यामुळे सुरू होत नाही.

इथे जळगावात मेहरूण तलावातलं शेवाळ बरणीत ठेवलं होतं. काचेला चिकटलेला एक हायड्रा ब्लेडने मधोमध कापला. तिसऱ्या दिवशी भिंगातून बघितलं तर खालच्या तुकड्याला बारीक सोंडा फुटलेल्या! मुलं जागची हलेनात.

प्लॅनेरिया या चपट्या कृमीचं मात्र अगदी उलट. क्ष-किरणांनी त्याच्या मूळ पेशी मारल्या की तुटलेला भाग उगवतच नाही. त्यामुळे दोघांना एका माळेत ओवू नये.