आरटीएक्स ४०६०: आसुस, एमएसआय, गिगाबाइट की झोटॅक? ओसी कार्डाला जादा पैसे द्यावेत का?

अक्कलकोटरोड_एमआयडीसी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एनव्हिडियाच्या चिपचं आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नक्की आहे, अडलंय ते कार्ड बनवणाऱ्या कंपनीवर. सोलापूरच्या नव्या पेठेत चौकशी केली, ऑनलाइनही पाहिलं. यादीत चार कार्डं उरली आहेत, सगळी ओसी, म्हणजे कारखान्यातूनच वेग वाढवलेली (ओव्हरक्लॉक्ड): झोटॅक ट्विन एज ओसी, एमएसआय व्हेंटस टू-एक्स ब्लॅक ओसी, आसुस ड्युअल ओसी आणि गिगाबाइट ईगल ओसी. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग कार्डात साडेतीन हजारांचा फरक सांगतात. दुकानदार म्हणतो, "हे जास्त ओव्हरक्लॉक्ड आहे, एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जास्त मिळतील."

मशीन: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय, फुल एचडी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. कॅबिनेटला पुढून जाळी आहे, आत २९० मिलिमीटरपर्यंतचं कार्ड बसतं. दिवसा चादरीच्या जॅकार्ड डिझाइनचं काम, रात्री गेम. खोली वरच्या मजल्यावर, छत पत्र्याचं, खाली माग चालतात, एसी नाही.

फॅक्टरी ओव्हरक्लॉकचा खरंच किती फायदा होतो? आणि या चारांत कोणतं घ्यावं?

---

होटगीरोड_हार्डवेअर

आधी आकडे सरळ करून घेऊ, कारण खोक्यावरचे आकडे एका मापाचे नसतात.

एनव्हिडियाने ४०६० साठी ठरवलेला बूस्ट क्लॉक, म्हणजे लोडखाली चिपचा जाहीर वेग, २४६० मेगाहर्ट्झ. झोटॅक ट्विन एज ओसीचा २४७५, म्हणजे फक्त १५ ने जास्त. गिगाबाइट ईगल ओसीचा २५०५. आसुस ड्युअल ओसीच्या जाहिरातीत २५३५ दिसतं, पण ते 'ओसी मोड'चं आहे. त्यासाठी जीपीयू ट्वीक हे त्यांचं सॉफ्टवेअर टाकून तो मोड निवडावा लागतो. कार्ड नुसतं बसवून चालू केलं तर ते २५०५ चंच. एमएसआय व्हेंटसचंही तसंच आहे: २५०५ हा आकडा एमएसआय सेंटरमधल्या 'एक्स्ट्रीम परफॉर्मन्स'चा, खोक्यातून काढल्यावर २४९०.

म्हणजे चौघांत खरा फरक २४७५ ते २५०५ इतकाच, जेमतेम सव्वा टक्का. आसुसचा ओसी मोड धरला तरी मूळ २४६० पेक्षा तीन टक्के. एखाद्या गेममध्ये १०० एफपीएस मिळत असतील तर कागदावर १०३. प्रत्यक्षात तेवढेही वाढत नाहीत, कारण चारही कार्डांची मेमरी १७ जीबीपीएसवरच चालते. फॅक्टरीवाले मेमरीला हात लावत नाहीत, आणि १२८ बिटच्या या कार्डाची बरीच अडचण मेमरीपाशीच असते.

दुसरं, बूस्ट क्लॉक ही कमाल मर्यादा नाही. वॅट, व्होल्टेज आणि तापमान परवानगी देतील तोवर कार्ड आपणहून त्याच्या वर जातं. ४०६० गेममध्ये सहसा २७०० च्या आसपास किंवा वरच दिसतं, मग खोक्यावर २४७५ असो की २५०५.

त्यामुळे साडेतीन हजार जर मेगाहर्ट्झसाठी मागत असतील तर देऊ नका. तेवढ्या फरकात आरटीएक्स ५०६० मिळतंय का हे मात्र जरूर विचारा. ४०६० मध्ये ३०७२ कोअर, ५०६० मध्ये ३८४०. मेमरीचा वेग २७२ वरून थेट ४४८ जीबी प्रति सेकंद. ४०६० कितीही ओव्हरक्लॉक केलं तरी तिथवर पोचत नाही. वॅट ११५ चे १४५ होतात, तुमचा ५५० चा सप्लाय त्याला पुरतो.

---

जुळे_सोलापूर_७

माझ्या मते सोलापुरात ओसी कार्ड घेऊच नये. जास्त क्लॉक म्हणजे जास्त गरम. इथे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, त्यात पत्र्याची खोली. साधं नॉन-ओसी घ्या आणि निवांत राहा.

---

पंखा_आणि_पेस्ट

जुळे सोलापूरवाले भाऊ, काळजी बरोबर आहे, पण दोष ओसीवर जात नाही. कार्ड किती तापणार हे ठरतं पॉवर लिमिटवर, म्हणजे कार्ड जास्तीत जास्त किती वॅट ओढू शकतं त्यावर, आणि ११५ वॅटचं लिमिट असेल तर ओसी कार्डही ११५ च खाणार. त्या वॅटमध्ये १५-३० मेगाहर्ट्झ इकडे-तिकडे झाल्याने तापमान हलत नाही. उलट ओसीच्या नावाने विकलेल्या कार्डावर हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती) बऱ्याचदा मोठा असतो. पैसे द्यायचेच तर त्या हीटसिंकचे द्यावेत, आणि आपल्या गावात तर नक्कीच.

हिशोब साधा आहे. खोलीचं तापमान जितकं वाढतं, पंख्याचा वेग तोच ठेवला तर कार्डही साधारण तितकंच वर जातं. २५ अंशांच्या खोलीत ६५ वर थांबणारं कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८० च्या आसपास जाईल. यूट्यूबवरच्या बहुतेक चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत झालेल्या असतात, त्यात १५ मिळवूनच बघा. एनव्हिडियाचं कार्ड तापत जाईल तसा क्लॉक १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरतो. दोन पायऱ्या उतरल्या की ३० मेगाहर्ट्झ गेले, म्हणजे झोटॅक आणि ईगलमधला सगळा फरक दुपारच्या उन्हातच संपला.

आता चार कार्डं या नजरेने:

व्हेंटस टू-एक्स ब्लॅक जेमतेम २०० मिलिमीटर लांब, दोन पंखे. लहान कॅबिनेटसाठी छान, पण तुमच्याकडे जागेची अडचणच नाही. ट्विन एज सुमारे २२५, तेही दोन पंख्यांचं. ईगलला तीन पंखे, लांबी साधारण २७०. तुमच्या २९० मध्ये बसेल, मात्र पुढच्या जाळीमागे पंखे बसवलेले असतील तर त्यांची २५ मिलिमीटर जाडी आधी वजा करा. २९० चा आकडा पंख्यांसह आहे की पंख्यांशिवाय, ते टेप लावून मोजा.

आसुस ड्युअल २२७ मिलिमीटर लांब, पण जाडीला जवळपास ५०, म्हणजे कॅबिनेटमागच्या अडीच स्लॉटची (खाचांची) जागा. लांबी झोटॅकइतकीच, हीटसिंकला जागा जास्त. शिवाय त्याच्या पंख्यांना डबल बॉल बेअरिंग आहे. गिगाबाइट स्लीव्ह बेअरिंगमध्ये ग्राफीनचं वंगण वापरतं. थंड खोलीत दोन्ही चालतात. पण पत्र्याखाली, वर्षानुवर्षं गरम हवेत पंखा फिरणार असेल तर वंगण सुकण्याचा प्रश्न स्लीव्हमध्ये आधी येतो.

माझं मत: चारांत आसुस ड्युअल. ते दीड हजारापेक्षा जास्त महाग पडत असेल तर ईगल.

आणखी एक, आणि तुमच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं: खाली माग आहेत. साधी धूळ हीटसिंकमधून थोडीफार निघून जाते, सुताचे तंतू अडकतात. पंख्याच्या मागे, हीटसिंकच्या पात्यांच्या कडांवर ते एकमेकांत गुंतत जातात आणि नमद्यासारखा थर होतो. वरून पाहिलं तर पंखा स्वच्छ दिसतो. टॉर्च तिरपा धरून पंख्याच्या दोन पात्यांमधून आत पाहिलं तरच करडा पट्टा दिसतो. तो धरला की आसुस काय आणि झोटॅक काय, सगळी सारखीच तापतात.

---

अक्कलकोटरोड_एमआयडीसी

खूप नेमकं सांगितलंत, आभार. ५०६० इथे बजेटच्या बाहेर जातंय, म्हणून ४०६० च. तीन शंका. बी४५० वर काही तोटा होईल का? हाताने ओव्हरक्लॉक करून झोटॅक बाकीच्यांच्या बरोबरीला येईल का? आणि ते तंतू काढायचे कसे, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर आहे, चालेल?

---

होटगीरोड_हार्डवेअर

बी४५०: ४०६० बोर्डाशी फक्त आठ लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, वापरतं. तुमचा बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे जोडणीच्या आधीच्या पिढीचा, त्यामुळे ४.० च्या निम्मा वेग मिळेल. बहुतेक गेममध्ये नुकसान थोडंच, पण ८ जीबी मेमरी भरली की रॅमशी ये-जा वाढते आणि मग झटके जाणवतात. उपाय सोपा आहे: टेक्स्चर 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणा. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचा वापर पडद्यावर लावून ठेवा आणि साडेसात जीबीच्या खाली ठेवा. या एका सेटिंगने जो फरक पडेल तो कुठल्याही फॅक्टरी ओसीने पडणार नाही.

हाताने ओव्हरक्लॉक: हो, झोटॅक आरामात बरोबरीला येतं. चिप तीच आहे.

एमएसआय आफ्टरबर्नर टाका, ते कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. आधी मेमरी: +५०० लावा. मूळ ८५०० दिसतं ते ९००० होईल, म्हणजे १८ जीबीपीएस. अर्धा तास गेम चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चमकणारे त्रिकोण दिसले तर २०० ने मागे या. त्यानंतर कोअर: +७५ पासून सुरुवात, पुढे १५-१५ ने वाढवा. कोअर जास्त झाला तर ठिपके कमी आणि गेम थेट बंद पडणं जास्त. पडदा काळा होऊन ड्रायव्हर परत सुरू होतो. जिथे बंद पडलं तिथून ३० मागे थांबा. कोअर आणि मेमरी एकदम वाढवू नका, काय बिघडलं ते कळत नाही. पक्की खात्री थ्रीडीमार्कच्या स्ट्रेस टेस्टने होते: २० फेऱ्या, ९७ टक्क्यांच्या वर निकाल आला तर पास.

'स्टार्टअपला लावा' हे बटण पहिला आठवडा दाबू नका. सेटिंग चुकली तर विंडोज सुरू होतानाच अडकतं.

डिझाइनचं काम चालू असताना मात्र मूळ सेटिंगवरच राहा. दोन प्रोफाइल साठवून ठेवा.

---

पंखा_आणि_पेस्ट

मार्च ते जून मी उलटं करायला सांगेन: ओव्हरक्लॉक नको, अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा आलेख उघडतो. ९७५ मिलीव्होल्टचा ठिपका २६४० मेगाहर्ट्झवर न्या. शिफ्ट धरून त्याच्या उजवीकडचा सगळा भाग निवडा, २६४० च्या खाली ओढा आणि अॅप्लाय करा. उजवीकडची रेघ सपाट होते. आता कार्ड त्यापेक्षा जास्त व्होल्टेज मागतच नाही. गेम बंद पडला तर व्होल्टेज २५ ने वाढवा. नीट चालला तर ९५० वर करून बघा. वॅट किती उतरले ते कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड सॉफ्टवेअरमध्ये लगेच दिसतं, एफपीएसमधला फरक शोधावा लागतो.

पंख्याचंही सांगतो. या कार्डांवर हलक्या कामात पंखे पूर्ण थांबतात आणि तापमान पन्नाशीच्या आसपास गेलं की सुरू होतात. ४० अंशांच्या खोलीत रिकामं कार्डच पन्नाशीला टेकलेलं असतं, म्हणून पंखे दर मिनिटाला चालू-बंद होत राहतात. तो आवाज त्रासदायक, आणि बेअरिंगलाही चांगला नाही. उन्हाळ्यात पंखे थांबवूच नका. ५० अंशांपर्यंत ३० टक्के, ६५ ला ५०, ७५ ला ७०, ८२ ला ९० अशी रेघ द्या, आणि हिस्टेरेसिस ५ अंश ठेवा, म्हणजे तापमान तेवढं उतरल्याशिवाय पंखा हळू होत नाही.

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर अजिबात नको. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं, हवेबरोबर तेलही येतं. दाब इतका असतो की पंख्याचं पातं तुटू शकतं. हातातला इलेक्ट्रिक ब्लोअर घ्या आणि एक इंची रंगाचा कोरा ब्रश. मशीन बंद करून वायर काढा, कार्ड बाहेर काढा. पंख्याचा मधला भाग बोटाने धरून ठेवा, कारण हवेने पंखा गरगर फिरला तर बेअरिंग जातं आणि मोटर उलटी वीज तयार करते. तंतू पंख्याच्या बाजूने आत गेलेले असतात, म्हणून हवा पलीकडून, हीटसिंकच्या पात्यांच्या उघड्या कडांमधून मारा. थर सुटून पंख्याकडे येतो, तो चिमट्याने ओढून काढा. पंख्याकडून मारली तर तो आणखी खोल दबतो.

तुमच्या जागेत हे दर दोन महिन्यांनी करायला हवं. कॅबिनेटच्या जाळीला आतून नायलॉनची बारीक जाळी चिकटवली तर निम्मं काम तिथेच अडतं, ती दर रविवारी पुसली की झालं.

हीटसिंक मात्र उघडू नका. चिपच्या मागे स्प्रिंगचे चार स्क्रू असतात, त्यातल्या एकावर बऱ्याचदा वॉरंटीचं स्टिकर असतं.

---

नवीपेठ_बिलिंग

खरेदीबद्दल थोडं. जीएसटी बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या व कार्डामागच्या स्टिकरशी जुळवून पाहा. झोटॅकची वॉरंटी ठराविक दिवसांत साईटवर नोंदणी केली तरच वाढते, ती घरी गेल्यावर त्याच दिवशी करा. कार्ड कुठे जमा करायचं, सोलापुरातच की पुण्याला पाठवायचं, आणि कुरिअरचा खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा. दोन कार्डांत हजाराचा फरक असेल तर मी या उत्तरावर निवडेन.

दुकानातच मशीनवर लावून दाखवायला सांगा. जीपीयू-झेड उघडा: नाव, ३०७२ कोअर आणि बसचा 'एक्स ८' (आठ लेन) तपासा. 'अॅडव्हान्स्ड'मध्ये एनव्हिडिया बायॉस निवडलं की पॉवर लिमिट किती आणि ते वाढवता येतं का, तेही दिसतं. मग दहा मिनिटं लोड देऊन जीपीयू (चिपचं) तापमान आणि हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) यातलं अंतर बघा. १०-१५ अंश ठीक. २५ च्या पुढे गेलं तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही, तिथेच दुसरा नग मागा.

---

अक्कलकोटरोड_एमआयडीसी

टेप लावून मोजलं. २९० हे पंख्यांशिवायचं होतं, पुढचे पंखे धरून २६५ उरतात. ईगल बाद. आसुस ड्युअल झोटॅकपेक्षा तेराशेने जास्त सांगताहेत, तेच घेतो. शनिवारी दुकानात लोड देऊन दोन्ही तापमानं इथे टाकतो.