नुसत्या बोलण्यानं काय होतं?

'समुपदेशकाकडे जाऊन नुसतं बोलून काय होणार?' असं एका ताईंनी विचारलंय. ताई, मलाही तसंच वाटायचं. महाद्वार रोडच्या गर्दीत छाती धडधडायची, म्हणून समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी सीबीटी सुचवली, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलत त्रास कमी करणारी उपचारपद्धत. अ‍ॅरन बेक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात मांडलेली पद्धत. आठवड्याला तासभर, वर गृहपाठ: वहीत प्रसंग, त्या क्षणी मनात आलेला विचार आणि भीतीला शंभरपैकी गुण. मग आधी सकाळी रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं, नंतर संध्याकाळच्या गर्दीत. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटला, पण टिकलो. मनोविश्लेषण या दुसऱ्या उपचारपद्धतीत मात्र पार बालपणापासून उकलत जातात, वर्षंही लागतात. पहिल्या भेटीत बहुतेक माहितीच विचारतात, लगेच नाराज होऊ नका. समुपदेशकांशी सूर जुळला नाही तर खुशाल बदला. आणि अपरात्री जीव घाबरला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे.